छतातली पांढरी शीर

आठवडाभराची रिपरिप रात्रीच थांबली होती आणि सकाळी असं लख्ख ऊन पडलं की खाणीच्या तोंडाशी रचलेल्या दगडी पाट्यांच्या थप्प्या वाफाळायला लागल्या. सगळे खूश. ओले बूट उन्हात पालथे घालून, एकमेकांच्या खोड्या काढत माणसं हेल्मेटं चढवत होती. ठोक्या तेवढा मान वर करून डोंगराकडे बघत उभा होता. पाऊस थांबला म्हणजे बाहेरचा थांबला, आतला आता सुरू होणार. डोंगर पाणी पितो सावकाश आणि टाकतोही सावकाश. वर ऊन पडतं तेव्हा आत छत गळायला लागतं.

"काय दादा, डोंगराला नमस्कार घालतोयस की शिव्या?" धाकट्या भावानं विचारलं. हा धाकटा आत ड्रिल चालवायचा.

"दोन्ही. त्याला जे लागू पडेल ते."

ठोक्याचं काम सांगायला सोपं होतं. खाणीच्या पोटात कोरलेल्या दालनांमध्ये सगळ्यांच्या आधी शिरायचं, लांब पहारीच्या टोकानं छत ठोकत जायचं आणि आवाज ऐकायचा. दगड डोंगराला घट्ट धरून असेल तर खणखणीत वाजतं, पहार हातात झिणझिणते. वर फट पडून शिळा सुटली असेल तर आवाज बद्द येतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा. बद्द वाजलं की ती शिळा खाली पाडायची, नाहीतर टेकू मागवायचे. खणखणीत वाजलं की भिंतीवर खडूनं खूण करायची. यावरूनच नाव पडलं ठोक्या, आणि ते इतकं चिकटलं की हजेरीला खरं नाव पुकारलं तर हाच मागं वळून बघायचा, कोण नवा आलाय म्हणून.

ही खोड घरीही सुटत नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेला, तेव्हा सासऱ्यानं हौसेनं नवी फरशी बसवलेली. हा पाणी पिता पिता टाचेनं ठोकून म्हणाला, "मामा, खिडकीजवळच्या पोकळ बसल्यात बरं का." सासरा गवंडी. पुढं कितीतरी दिवस जावयाशी बोलला नाही. बायको अजूनही ते उगाळते. "नशीब, माझ्या डोक्यावर टिचकी मारून नाही बघितली."

बायको तिथंच कामाला होती, खाणीच्या तोंडालगतच्या शेडमध्ये. दगडाचा ठोकळा मांडीला टेकवायचा, रुंद पातळ छिन्नी त्याच्या कडेला लावायची आणि वर लाकडी हातोडीचा नेमका टोला. ठोकळ्याची पानं सुटायची. कुणाच्या छपरावर जायची, कुणाच्या अंगणात. हा दगड मुळात पाण्याखालचा गाळ. बारीक चिखल थरावर थर साचला, वरच्या ओझ्यानं आवळला गेला, मग डोंगर उभे राहताना दोन्ही बाजूंनी पिळला आणि भाजला गेला. त्या पिळवटण्यात त्यातल्या अभ्रकाच्या चिमुकल्या पापुद्र्यांनी एकाच दिशेला अंग टाकलं. म्हणून तो वहीसारखा उलगडतो. बायकोचं सगळं पोट त्या उलगडण्यावर होतं, आणि नवऱ्याची सगळी काळजीही त्याच्यावरच. कारण शेडमध्ये छिन्नीनं सुटतो तो दगड आत छतावर आपण होऊन सुटू शकतो.

या खाणीत एक रीत होती. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण मोडतही कुणी नसे. ठोक्यानं खूण केली की ड्रिलचं पहिलं भोक पूर्ण पडेपर्यंत त्यानं त्याच छताखाली, ड्रिलवाल्याच्या शेजारी उभं राहायचं. तुझा भरवसा आहे ना, मग उभा राहा. आणि भोक सुरू झाल्यावर त्यानं स्वतःचीच खूण पुसली तर पहार खाली ठेवायची. ज्याला आपल्या कानाचा भरवसा नाही त्याच्या कानावर दुसऱ्यांनी का जीव सोपवावा? याच्या आधीच्या ठोक्यानं एकदा अशी खूण पुसली होती. म्हातारा होईपर्यंत तो मग अंगणात पाट्यांच्या थप्प्या लावत बसला. कुणी त्याला टोचून बोललं नाही, हेच त्याला जास्त लागलं.

त्यात मुकादम म्हणजे ठोक्याचा जावई. घरी जेवायला आला की "मामा, तुम्ही आधी घ्या" म्हणणारा माणूस खाणीत उतरला की वेगळाच व्हायचा. दोष त्याचाही नव्हता. गेल्या पंधरवड्यात ठोक्यानं याच मोठ्या दालनात बद्द वाजतंय म्हणून काम थांबवलं होतं. टेकू आले, पहारी लागल्या, दिवसभर सगळ्यांनी घाम गाळला आणि वरून पडलं काय, तर मूठभर चुरा. मुकादमाला ऑफिसात उभं करून झापलं गेलं. तेव्हापासून कुणाच्या हातून चहाचा कप जरी पडला तरी माणसं ओरडायची, "ठोक्याला बोलवा रे, छत आलं!" ठोक्या हसायचा. हसता हसता त्याचे कान लाल व्हायचे.

त्या सकाळी तो दालनात शिरला तेव्हा आत थेंब पडायला लागलेच होते. टप्, मग बराच वेळ काही नाही, मग टप्. जुन्या भागातून तो ठोकत ठोकत पुढं आला. सगळं खणखणीत. मग सुरुंगानं नुकताच मोकळा केलेला नवा भाग लागला. छताला एक पांढरी शीर आडवी गेलेली होती, बोटभर जाड. जुन्या भागातली तीच पुढं सरकत आली होती. पूर्वी कधीतरी खडक फाटला, फटीतून खोलवरचं गरम पाणी वर चढलं, निवताना त्यातला ऐवज फटीत बसला आणि अशा शिरा झाल्या. जुन्या भागात ठोक्यानं ती कितीदा चाकूनं ओढून बघितली होती. चाकूच झिजायचा. गारगोटी. काचेवर ओरखडा काढेल इतकी टणक. फटीत गारगोटी बसली म्हणजे डोंगरानं स्वतःच शिवण घातली.

नव्या भागात त्यानं चाकू काढला नाही. काढायला हवा होता. चाकू कमरेलाच होता, पण शिडी बाहेर होती आणि दाराशी मुकादम घड्याळाकडे बघत उभा होता.

"झालं का? की आजही डोंगराची नाडी बघायचीय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. ठोक्यानं शिरेच्या अल्याड ठोकलं, पल्याड ठोकलं. खणखणीत. डाव्या भिंतीकडच्या बाजूला दोन टोले कमीच दिले. खडू काढला, भिंतीवर खूण केली आणि म्हणाला, "या."

धाकट्यानं शिरेखाली उभं राहून ड्रिल समोरच्या दगडाला लावलं. मागची दोन माणसं हवेचा पाइप ओढत आत आली. ठोक्या भावाच्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिला, रीतीप्रमाणे. ड्रिल सुरू झालं तसं बोलणं संपलं. त्या आवाजात माणसाला स्वतःचा विचारही मोठ्यानं करावा लागतो. पायाखालची जमीन थरथरत होती, छत थरथरत होतं, हेल्मेटावरचा दिवासुद्धा थरथरत होता.

गालावर थेंब पडला. ठोक्यानं तो पुसला तर बोटाला खरखर लागली. त्यानं बोट दिव्यासमोर धरलं. पाण्यात एक पांढरा कण होता, ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि त्याची एक बाजू आरशासारखी चमकली.

त्यानं बोट फिरवून पुन्हा बघितलं.

गारगोटी अशी चमकत नाही. ती फुटते तेव्हा फुटक्या बाटलीसारखी वाकडीतिकडी फुटते, तिला सपाट अंग नसतं. ठोक्यानं तो कण पहारीवर ठेवला, चाकूच्या पाठीनं दाबला. कण फुटला आणि त्याचे झाले आणखी बारके कण, प्रत्येक तिरप्या खोक्यासारखा. मग त्यातल्याच एकावर त्यानं चाकूचं टोक ओढलं. टोक आत रुतलं, पांढरी पूड निघाली. ही चुन्याची शीर होती. दिसायला गारगोटीची जुळी बहीण, पण अंगात तिचा जोर नाही. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना जरासं आंबट होतं, आणि ते आंबट पाणी चुन्याला चाटून खातं. शीर एकच, पण जुन्या भागात गारगोटीची आणि नव्या भागात चुन्याची. मधेच कुठंतरी तिनं अंग बदललं होतं आणि यानं ते तपासलं नव्हतं.

वाजणार होतंच खणखणीत. चुना शेवटपर्यंत धरून ठेवतो, तोवर आवाज घट्टच येतो. आणि आठवडाभर वरून पाणी मुरत होतं.

ठोक्यानं भावाकडे बघितलं. धाकटा सगळं अंग ड्रिलवर टाकून उभा होता. मानेवरची कॉलर भिजलेली, तिच्यावर पांढरे ठिपके. भोक अर्ध्याच्या पुढं गेलं होतं. आता थोडंच राहिलंय, ठोक्याच्या मनात आलं. भोक पूर्ण होऊ दे. मग रीत संपली, खूण माझी राहिली, मी बाहेर जाऊन टेकू मागवतो, म्हणतो पाणी फार गळतंय. कुणाला काही कळणार नाही. छत एवढे दिवस थांबलंय, एवढ्यासाठी थांबणार नाही का?

पुढचा थेंब पडला. या वेळी दोन कण आले.

ड्रिलच्या आवाजात ओरडून उपयोग नव्हता. ठोक्या दोन ढांगांत मागं गेला आणि त्यानं पाइपाची चावी पिळून हवा बंद केली. ड्रिल धापा टाकत थांबलं. एकदम इतकं शांत झालं की थेंब मोजता आले असते. तो भिंतीपाशी गेला आणि बाहीनं त्यानं स्वतःची खूण पुसली.

धाकटा हसायला लागला आणि मधेच थांबला. "दादा, काय केलंस तू?"

"बाजूला हो. सगळे या शिरेखालून बाहेर निघा. डाव्या भिंतीकडे सरका, तिकडं वर अखंड आहे."

"डोकं फिरलंय का तुझं? पहार जाईल हातची."

"जाऊ दे. सरक आधी."

आवाज थांबलेला ऐकून मुकादम आत आला. पुसलेली खूण बघितली. त्याचा चेहरा आधी पडला आणि मग तापला.

"आता काय वाजलं? बद्द?"

"नाही. खणखणीतच वाजतंय."

"मग?"

"शीर चुन्याची आहे. मी गारगोटी समजलो."

"समजलो?" मुकादमानं हेल्मेट काढलं, परत घातलं. "तुम्ही समजलात, मी ऑफिसात सांगितलं दालन चालू झालं म्हणून. आता परत जाऊन काय सांगू? आमच्या मामांना दगड ओळखू आला नाही?"

"तेच सांगा. खरं आहे ते."

"दाखवा मला."

कुणीतरी शिडी आणली. मुकादम स्वतः चढला. ठोक्यानं खालून चाकू दिला आणि शिडी धरून उभा राहिला. वर मुकादम, खाली सासरा, दोघांच्याही डोक्यावर तेच छत. मुकादमानं शिरेवर चाकू ओढला. खरवडल्याचा आवाज आला, खडू ओढल्यासारखा, आणि खाली पांढरं पाणी ओघळलं. त्यानं टोक आणखी दाबलं. पातं पार मुठीजवळपर्यंत आत गेलं. वर पोकळी होती.

मुकादम उतरला. उतरताना एकदा पाय चुकला.

"टेकू मागवा," ठोक्या हळू आवाजात म्हणाला. "तोवर माणसं भिंतीकडे थांबू देत. तिकडचं काम चालू राहील. तेवढंच तुम्हाला ऑफिसात सांगता येईल, अर्धं दालन चालू आहे म्हणून."

माणसं पाइप घेऊन भिंतीकडे सरकायलाही लागली होती. मुकादमाचा एवढा वेळ आवरलेला राग तिथं सुटला.

"अर्धं चालू, अर्धं बंद, असला खेळ नकोय मला! सकाळी पूर्ण चालू होतं, आता अर्धं, दुपारी म्हणाल पाव. बंद म्हणजे बंद. सगळे बाहेर. चला! ए, ड्रिल राहू दे तिथंच, तुला सांगतोय."

"अहो, पण भिंतीकडं..."

"मामा, एक शब्द नको. बाहेर."

सगळे कुरकुरत निघाले. धाकट्याला ड्रिल टाकून जाणं जिवावर आलं होतं, तो दोनदा वळला. ठोक्या सगळ्यात शेवटी, पहार खांद्यावर घेऊन. दालनाच्या तोंडाशी चहाची किटली होती. कुणीतरी कप भरला, कुणीतरी नेहमीचा विनोद करायला तोंड उघडलं आणि मुकादमाकडे बघून मिटलं.

आधी आवाज आलाच नाही. आधी वारा आला. आतून कुणीतरी फुंकर घालावी तसा गार वारा तोंडावर आला, धुळीनं भरलेला. मग जमीन उचलल्यासारखी झाली, आणि मग तो आवाज. कानानं ऐकण्याआधी छातीनं ऐकला त्यांनी. दिवे धुळीत पिवळे झाले. कुणी खाली बसलं, कुणी दुसऱ्याला धरलं, आणि मुकादम माणसं मोजायला लागला. मोजून झालं, परत पहिल्यापासून मोजली.

बाहेरून पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. ठोक्याची बायको. हातात छिन्नी तशीच, अंगावर दगडाची पूड.

"अहो! कुठायत हे? भाऊजी, कुठायत तुमचे दादा?"

"इथं आहे," ठोक्या धुळीतून म्हणाला.

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग जावयाला, मग दिराला. "सगळे आहेत?"

"सगळे आहेत, वहिनी."

"मग असे भुतासारखे उभे का राहिलात? तोंडं तरी धुवा!" असं म्हणून ती खाली दगडावर बसली. छिन्नी काही केल्या हातातून सुटत नव्हती. ठोक्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

धूळ खाली बसली तसे मुकादम, ठोक्या आणि धाकटा दिवे घेऊन दालनाच्या तोंडापर्यंत गेले. पुढं पाऊल टाकलं नाही. शिळा आली होती, एखाद्या खोलीएवढी. शिरेपासूनच सुटली होती. पण शिरेखाली ड्रिल होतं तसं उभं होतं, वर नुसती धूळ. सगळा ढीग डाव्या भिंतीकडे पडला होता. चुन्याची शीर छतात सरळ वर गेलेली नव्हती, तिरपी होऊन भिंतीच्या बाजूला पसरली होती. शिळेचं सगळं ओझं त्या टोकाला होतं. इकडं ती नुसती टेकलेली, लटकलेली होती तिकडं.

 धाकटा म्हणाला, "दादा, तू आम्हाला तिथंच उभं करत होतास."

"हो," ठोक्या म्हणाला.

त्यानं पहार खांद्यावरून काढली आणि मुकादमाच्या पायाशी भिंतीला टेकवून ठेवली. मागं माणसं उभी होती. सगळ्यांनी ते बघितलं. कुणी आता हसत नव्हतं, आणि कुणी शाबासही म्हणत नव्हतं. ठोक्याला एका परीनं ते बरं वाटलं. शाबासकी मिळाली असती तर ती घेऊन जायचं कुठं, हा प्रश्न होता.

मुकादमानं दिवा त्या ढिगावर धरला. "मी काही समजून बाहेर काढलं नाही कुणाला," तो म्हणाला. "राग आला होता, बस. ऑफिसात हे असं सांगता येणार नाही."

"माझं सांगा. मी चाकू लावला नाही, ते."

"तुमचं सांगणारच आहे. ते सुटणार नाही." त्यानं पहार उचलली, हातात तोलून बघितली आणि भिंतीवर एक ठोका दिला. ऐकलं. परत दिला. "मला सगळं सारखंच ऐकू येतं," तो म्हणाला आणि पहार सासऱ्यापुढं धरली. "उद्या कोण ठोकणार? घ्या."

"रीत आहे, जावईबापू."

"रीत राहील. पण एकट्याची खूण आता नाही. तुम्ही पुढं ठोकत जायचं, मागून दुसऱ्यानं शिडी घेऊन प्रत्येक शिरेला चाकू लावत यायचं. खूण दोघांची. उभंही दोघांनी राहायचं."

ठोक्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. इतकी वर्षं तो या अंधारात एकटा शिरत होता. सकाळची ती वेळ त्याची होती, डोंगर आणि तो. आता मागं कुणीतरी असणार, आपलं काम तपासत.

"दुसरा कोण?" त्यानं विचारलं.

"धाकटे मामा."

"याला? याला गारगोटी आणि खडीसाखर यातला फरक कळत नाही."

"कळतो की," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज अजून पुरता ताळ्यावर आला नव्हता. "खडीसाखर तू कधी आणत नाहीस."

मागं कुणीतरी हसलं, मग दोघंतिघं. ठोक्या हसला नाही. पण त्यानं कमरेचा चाकू काढला आणि भावाच्या हातात दिला. मग स्वतः पहार घेतली.

आता मात्र बोलायला सवड नव्हती. छताच्या उरलेल्या कडा सैल होत्या. लांबून एकेक ठोकून त्या पाडायच्या होत्या, टेकू लावायचे होते आणि मग वाट मोकळी करायची होती. बायको उठून शेडकडे निघाली. जाता जाता तिनं त्याच्या शर्टाची बाही बघितली, खडूनं पांढरी झालेली, आणि म्हणाली, "हे धुवायला वेगळं टाका. सगळ्या कपड्यांना लागेल."

"बरं."

कडा पाडण्यात दुपार गेली. एकही बद्द आवाज त्यानं सोडला नाही. खणखणीत वाजलेल्या जागेवरही धाकट्याला शिडीवर चढवून चाकू लावायला लावला. धाकटा वरून प्रत्येक वेळी ओरडायचा, "रुतत नाही!" आणि हा खालून म्हणायचा, "दाब अजून."

टेकू उभे राहिल्यावर ढिगाला हात लागला. ठोक्यानं कोपऱ्यातली ढकलगाडी ओढली, चार फावडी दगड टाकले आणि ढकलून बघितली. चाक कुरकुरत अडकलं. त्यानं दगड परत खाली ओतले, गाडी आडवी केली आणि तेलाचा डबा कुठं ठेवलाय म्हणून विचारत बाहेर निघाला.